दवाखान्यातली अँटिबायोटिक्स: खान्देशातले नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी लॅबमधला माणूस. कल्चरच्या, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या, प्लेटा वाचणं हे माझं रोजचं काम. पेशंटशी तसा थेट संबंध येत नाही, पण रिपोर्ट घ्यायला खिडकीशी येणारे नातेवाईक जे वॉर्डात विचारायचं राहून गेलं ते मला विचारतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलाही दवाखाना घ्या, प्रश्न तेच असतात. त्यातले नेहमीचे इथे लिहून काढले आहेत. तुमच्या पेशंटचं औषध यावरून चालू किंवा बंद करू नका. डॉक्टरांशी बोलताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठीच हे लिहिलं आहे.

अ‍ॅडमिट झाल्याबरोबर पहिल्याच सलाईनमध्ये अँटिबायोटिक सोडलं. अजून आजारच कळलेला नाही, मग हे कशाच्या जोरावर?

अंदाजाच्या. आणि यात दर वेळी चूक असतेच असं नाही. जंतू कोणता हे कळायला कल्चर लागतं, आणि त्याला दोन ते तीन दिवस जातात. पेशंटचा बीपी पडलाय, श्वास वाढलाय, तो बरळतोय, अशा सेप्सिसच्या (संसर्गाने सगळं अंगच बिघडण्याच्या) अवस्थेत तीन दिवस थांबणं म्हणजे पेशंट गमावणं. शॉकमध्ये गेलेल्या पेशंटला पहिला डोस तासाभरात मिळायला हवा.

पण हाच अंदाज मग सगळ्यांना लागू होतो. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत पाहणी केली. साडेनऊ हजारांवर भरती पेशंटांचे केसपेपर तपासले. ७१.९ टक्के पेशंटांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेलं होतं. नक्की जंतू कळल्यावर त्याप्रमाणे औषध दिलं, असं प्रमाण फक्त ६ टक्के. ही सगळी शिकवणारी, स्वतःची लॅब असलेली रुग्णालयं होती. तालुक्याच्या नर्सिंग होममधलं चित्र याहून बरं असेल, असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

केसपेपरवर रोज 'सीएसटी' लिहिलेलं असतं. हे कोणतं औषध? मेडिकलवर मिळालं नाही.

हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय, आणि मला तो फार आवडतो. सीएसटी म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. कालचंच आजही चालू ठेवा.

माझ्या मते रुग्णालयातल्या अँटिबायोटिकचा खरा घोळ या तीन अक्षरांत आहे. औषध सुरू करणारा कोणीतरी असतो. थांबवणं हे मात्र कोणाचंच काम नसतं. रात्री ड्युटीवरचा डॉक्टर सुरू करतो, सकाळी मोठे डॉक्टर राउंडला येतात, पेशंट बरा दिसतो, मग कशाला हात लावायचा? सिस्टर केसपेपर बघून डोस देत राहतात. कागद भरत जातो.

एक फाइल मी पाहिलीय. यावलकडचे एक नाना, वय सत्तरच्या आसपास, न्यूमोनिया. पहिल्या दिवशी सेफ्ट्रियाक्झोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. अगदी योग्य. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चौथ्या दिवशी नाना भाकरी खायला लागले. रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही, तसा रिपोर्टही गेला होता. तो मला नंतर एक्स-रेच्या पाकिटामागे टाचलेला दिसला. चौथ्यापासून नवव्या दिवसापर्यंत रोज सीएसटी. दहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. म्हणजे अँटिबायोटिकमुळे झालेल्या त्रासावर आणखी दोन अँटिबायोटिक्स! नाना बरे होऊन घरी गेले, त्यामुळे यात काही चुकलं असं कोणालाच वाटलं नाही.

सुधारलेल्या न्यूमोनियाला पाच दिवस पुरतात. ४८ ते ७२ तासांनी कोणीतरी केसपेपर पुढे घेऊन तीन गोष्टी ठरवायच्या असतात: बंद करायचं का, साधं करायचं का, इंजेक्शनऐवजी गोळीवर आणायचं का. यातलं काही लिहिलेलं दिसलं तर समजा, तुमचा दवाखाना चांगला आहे.

'ताप काय उतरी नही राहिना. डॉक्टरसाहेब, भारी इंजेक्शन द्या ना.' भारी दिल्याने लवकर बरं होत नाही का?

अँटिबायोटिकमध्ये हलकं-भारी असं काही नसतं. जंतूला लागू पडतं किंवा पडत नाही, एवढंच.

प्लेटवर हे डोळ्यांनी दिसतं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत फिकट जेली असते, तिच्यावर पेशंटचा जंतू कापसाच्या बोळ्याने सारवतात. वर कागदाच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या ठेवतात, प्रत्येक चकतीत वेगळं औषध. रात्रभर उबेत ठेवलं की सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो, तिथे जंतू वाढलेला नसतो. लघवीतल्या कितीतरी जंतूंच्या प्लेटवर नायट्रोफ्युरॅन्टॉइनभोवती सुरेख गोल असतो आणि ज्याला सगळे 'भारी' म्हणतात त्या सेफ्ट्रियाक्झोनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून उगवलेला असतो. स्वस्त गोळी चालतेय, महाग इंजेक्शन फेल. असं सकाळी मी कित्येकदा पाहिलंय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत. पहिला सहज वापरायचा: अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सीसायक्लीन, सेफाझोलिन, जेंटामायसिन. दुसरा जपून वापरायचा: सेफ्ट्रियाक्झोन, सेफिक्झिम, अ‍ॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम. तिसरा राखीव: कोलिस्टिन, लिनेझोलिड वगैरे, बाकी सगळं संपल्यावर. एकूण वापरात पहिल्या गटाचा वाटा ६० टक्के असावा असं उद्दिष्ट होतं, २०२४ मध्ये जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ७० टक्के गाठायचं ठरवलं. वर सांगितलेल्या पाहणीत आपल्याकडे पहिला गट ३८ टक्के आणि दुसरा ५७ टक्के निघाला. म्हणजे जपून वापरायचं तेच आपलं रोजचं झालंय.

आणि ताप? पुष्कळदा तो उतरतो पॅरासिटामॉलच्या सलाईनने, नाहीतर कोणी डेक्साची (स्टेरॉइडची) सुई दिलेली असते तिने. श्रेय मात्र अँटिबायोटिकला जातं.

डेंगी निघाला तरी अँटिबायोटिक चालू आहे. का?

डेंगी विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिकचा काही परिणाम नाही. रिपोर्ट यायच्या आधी सुरू केलं असेल तर एक वेळ ठीक. रिपोर्ट आल्यावरही चालू असेल तर विचारा. सोबत दुसरा संसर्ग असू शकतो, तो असेल तर डॉक्टर सांगतील.

सीझर झालं, टाके कोरडे आहेत, तरी पाच दिवस तीन-तीन इंजेक्शनं. इतकी लागतात?

बहुतेकदा नाही. ऑपरेशनच्या आधीचं अँटिबायोटिक हे पावसाच्या आधी घर शाकारण्यासारखं असतं. चिरा देताना औषध रक्तात आणि कातडीत पोचलेलं हवं, म्हणून ते चिऱ्याच्या आधी साधारण तासाभरात देतात. बहुतेक स्वच्छ ऑपरेशनांना, सीझरलाही, सेफाझोलिनसारख्या औषधाचा एक डोस पुरतो. ऑपरेशन चार तासांवर गेलं किंवा रक्तस्राव फार झाला तर पुन्हा एक. टाके घातल्यावर पुढे औषध चालू ठेवल्याने जखम पिकायचं प्रमाण कमी होत नाही, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ते लांबवू नका असा आहे.

तरीही सेफ्ट्रियाक्झोन, मेट्रोनिडाझोल आणि अ‍ॅमिकासिन हे त्रिकूट पाच दिवस चालतं, आणि वर घरी जाताना गोळ्या. सर्जनला विचारा, तो म्हणेल, 'आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे.' हे अगदीच खोटं नाही. एका खाटेमागे चार नातेवाईक, ड्रेसिंगचा एकच ट्रे, मे महिन्यात ४५ अंशांत घामाने भिजलेली पट्टी. पण हे सगळे हात धुण्याचे आणि ऑटोक्लेव्हचे (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचे) प्रश्न आहेत. इंजेक्शनने ऑटोक्लेव्ह दुरुस्त होत नाही. आधीच जखम चिघळलेली असेल, अपेंडिक्स फुटलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तो प्रतिबंध नाही, उपचार आहे, आणि तिथे काही दिवस लागतातच.

कल्चरला इतके पैसे घेतले आणि रिपोर्टात 'काही उगवलं नाही'. पैसे वाया?

कधी कधी वाया जातात, आणि त्याचं कारण बहुधा लॅबच्या बाहेर असतं.

पहिलं कारण, नमुना उशिरा घेतला. दोन दिवस मेरोपेनेम देऊन झाल्यावर रक्त काढलं तर काय उगवणार? कल्चरचं रक्त पहिल्या डोसच्या आधी निघायला हवं. दुसरं, रक्त कमी. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर लागतं, दोन वेगवेगळ्या शिरांतून. येतं किती? दोन-तीन. नातेवाईक म्हणतात, 'किती रक्त काढता हो!' आणि सिस्टर मध्येच थांबतात.

तिसरं कारण इथल्या अंतराचं. लघवीचा नमुना दोन तासांत प्लेटवर जायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत. सातपुड्यातल्या धडगावहून डबी निघाली, चांदसैली घाट उतरून नंदुरबारला आली की हे दोन तास केव्हाच उलटलेले असतात. उन्हाळ्यात त्या डबीत जंतूंची जत्रा भरते, आणि आम्हाला जे उगवतं त्यातलं किती पेशंटचं आणि किती प्रवासातलं, हे सांगता येत नाही. रक्ताच्या बाटलीचं नेमकं उलटं: ती फ्रिजमध्ये कधीच ठेवायची नाही. एका दवाखान्यातून आमच्याकडे बर्फाच्या डब्यात, वरून प्रेमाने ओला रुमाल गुंडाळून, रक्ताच्या चार बाटल्या आल्या होत्या. चारही पेशंटांचे नमुने पुन्हा घ्यावे लागले. तोवर सगळ्यांना अँटिबायोटिक सुरू झालेलं होतं.

'काही उगवलं नाही' हा मात्र कामाचा रिपोर्ट असू शकतो. नमुना वेळेवर घेतलेला असेल आणि पेशंट सुधारत असेल, तर औषध थांबवायला तो मोठा आधार आहे.

मग कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणजे औषध घ्यायलाच हवं ना?

नाही. हे पटवून देताना माझा घसा बसतो.

लघवीची नळी घातलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत काही दिवसांत जंतू सापडतातच. ते तिथे राहत असतात, त्रास देत असतातच असं नाही. ताप नाही, जळजळ नाही, पोटात दुखत नाही, फक्त रिपोर्ट पॉझिटिव्ह, तर सहसा उपचार करायचा नसतो. गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन होणारा पेशंट, हे मुख्य अपवाद. बाकीच्यांत रिपोर्टवर उपचार केला की जंतू आठवड्याभरात परत येतो आणि या वेळी आधीपेक्षा निबर होऊन येतो. मग पुढचं औषध, मग त्याच्या पुढचं. कोलिस्टिनपर्यंत असेच पोचतात लोक. आधी नळीची गरज आहे का ते बघावं. अनेकदा नळी काढणं हाच उपचार असतो.

रिपोर्टमध्ये एस, आय, आर असतं. ज्याचा गोल सगळ्यात मोठा ते औषध सगळ्यात चांगलं?

नाही. एका औषधाचा १८ मिलिमीटरचा गोल चांगला असू शकतो आणि दुसऱ्याचा २० चा नापास. प्रत्येक औषधाचं पास होण्याचं माप वेगळं. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही, आय म्हणजे डोस वाढवून किंवा विशिष्ट जागी चालू शकेल. एसवाल्यांतून सर्वांत साधं आणि त्या जागेपर्यंत पोचणारं औषध निवडणं हे डॉक्टरांचं काम.

एकाच वेळी तीन-चार अँटिबायोटिक्स. एवढं कशाला?

कधी गरज असते. पण एक जोडी मी केसपेपरवर वारंवार पाहतो आणि ती जवळजवळ नेहमीच फुकट असते: मेरोपेनेम किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसोबत मेट्रोनिडाझोल. पोटातल्या ज्या हवेविना वाढणाऱ्या जंतूंसाठी मेट्रोनिडाझोल देतात, त्यांचा बंदोबस्त पहिलं औषधच करत असतं. पेशंटला मिळते ती मळमळ आणि तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव.

नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं आहेत. त्यांनाही 'थांबा, बघू' म्हणायचं का?

मुळीच नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. वर जे लिहिलंय ते वाचून कोणी सिकलसेलच्या मुलाला घरी ठेवलं तर अनर्थ होईल.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते. रक्तातले न्यूमोकोकससारखे जंतू गाळून काढायचं काम तीच करते. ती नसली की सकाळी तापलेलं पोर संध्याकाळपर्यंत गंभीर होऊ शकतं. म्हणून ताप १०१ च्या वर गेला की लगेच दवाखाना. तिथे कल्चरचं रक्त घेऊन, रिपोर्टची वाट न बघता, इंजेक्शन. ते इंजेक्शन बहुधा सेफ्ट्रियाक्झोनच असतं. अशा मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळीही देतात, आजार नसताना. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या आईला ही गोळी का चुकवायची नाही ते आशाताईंनी समजावून सांगणं, याइतका अँटिबायोटिकचा चांगला वापर मला तरी माहीत नाही.

मला सेफ्ट्रियाक्झोनचा राग नाही. साध्या सर्दीवर वापरून आपण ते झिजवतोय, आणि एक दिवस या मुलाच्या वेळी ते चालणार नाही, याची धास्ती आहे.

कोर्स पूर्ण करा म्हणतात, आणि तुम्ही लवकर बंद करा म्हणता. खरं काय?

कोर्स पूर्णच करायचा. प्रश्न आहे तो कोर्स किती दिवसांचा, हा. पूर्वी सात, दहा, चौदा असे ठोक आकडे होते. आता पुष्कळ संसर्गांना कमी दिवस पुरतात असं अभ्यासांतून दिसलंय: न्यूमोनियाला पाच, बाईच्या साध्या लघवीच्या संसर्गाला नायट्रोफ्युरॅन्टॉइनचे पाच, पोटातला पू नीट काढून टाकला असेल तर चारच्या आसपास. हाडाचा संसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग यांना आठवडे लागतात. टीबीला महिने, आणि तिथे एक दिवसही सुटायला नको.

टीबीवरून आठवलं. तीन आठवड्यांचा खोकला असेल आणि कोणी लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केलं, तर आधी थुंकी तपासा असं म्हणा. ते औषध टीबीवरही थोडं चालतं, पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं.

हे सगळं कमिशनसाठी चालतं का?

पैशाचा भाग आहे. दवाखान्याचं मेडिकल आवारातच असलं की भारी इंजेक्शनाकडे हात जरा लवकर जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मी पाहिलंय त्यात भीतीचा वाटा मोठा आहे. पेशंट दगावला तर 'साधंच औषध दिलं होतं' म्हणून काच फुटते, कॉलर धरली जाते. जास्त दिलं म्हणून आजवर कोणी कोणाची कॉलर धरलेली नाही. मग डॉक्टर काय करेल?

सिव्हिलमध्ये साधं औषध देतात, म्हणून खासगीत न्यावं का?

फक्त औषध साधं आहे म्हणून नेऊ नका. साधं म्हणजे कमी दर्जाचं नव्हे, हे वर आलंच. शिवाय धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्यात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतो. कल्चर तिथे होतं.

मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून तेच आणलं तर?

नको. मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांतली एच-वन अनुसूची लागू आहे. सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची औषधं, मेरोपेनेमचा गट वगैरे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विकलं की दुकानदाराने पेशंटचं, डॉक्टरांचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती याच जातीच्या औषधांची खूण. ते रजिस्टर किती ठिकाणी खरंच भरलं जातं, ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

कपाशीवर फवारतात ती स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी आणि हे एकच का?

हो, नात्यातलंच. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन असतं. माणसाचीच औषधं. फवारताना तोंडाला फडकं बांधा, आणि पुडी गुरांच्या पाण्यात धुऊ नका.

डॉक्टरांना हे विचारलं तर ते चिडणार नाहीत का?

कसं विचारता त्यावर आहे. मोबाइल पुढे धरून 'इथे तर असं लिहिलंय' म्हणालात तर मीही चिडेन. राउंड संपताना, एकाच माणसाने, शांतपणे: 'साहेब, हे इंजेक्शन कशासाठी आहे, आणि कधीपर्यंत चालेल?' एवढंच. कशासाठी, याचं उत्तर केसपेपरवर असायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून तेच सांगितलंय: अँटिबायोटिक लिहिताना कारण लिहा. कधीपर्यंत, या प्रश्नावर डॉक्टर क्षणभर थांबतात आणि फाइल पुन्हा उघडतात. मी ते पाहिलंय.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर काय बघायचं?

गोळीच्या पुढे दिवस लिहिलेत का ते. 'सेफिक्झिम, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस' असं असेल तर त्या पाचात दवाखान्यातले दिवस धरलेत की घरी जाऊन नवे पाच, हे विचारून घ्या. आणि हे बिल भरायच्या आधी विचारा, कारण पैसे भरून झाले की डॉक्टर ओटीमध्ये गेलेले असतात.